पिल्ले कोणत्या दिवशी मेली, ते आधी पाहा

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती आपल्याला दिसेल. घणसोली गावठाणातील घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आपण एक दिवसाची ६० सुधारित गावरान पिल्ले आणली. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात त्यांपैकी १४ दगावली. नंतर पाच दिवस एकही पिल्लू मेले नाही. अकराव्या दिवसापासून मात्र रोज एक-दोन पुन्हा जाऊ लागली आणि आज, सोळाव्या दिवशी, हा दुसरा आकडा ९ वर गेला आहे. मधल्या काळात आपण दुकानातून आणलेली दोन प्रतिजैविके एकापाठोपाठ पाजली, यकृताचे टॉनिकही दिले. आता आपण विचारता की हा रोग कोणता, त्यावर औषध कोणते, आणि उरलेली ३७ पिल्ले ठेवावीत की टाकून द्यावीत.

मी मुरबाड तालुक्यात गेली २२ वर्षे एक दिवसाची पिल्ले आणून, महिनाभर ऊब देऊन आणि लसी करून घरगुती पाळणाऱ्यांना विकते. मी पशुवैद्य नाही. जे सांगते आहे ते शेडमधल्या वहीवरून, आणि ज्या पशुवैद्यांनी माझ्यासमोर मेलेली पिल्ले फाडून आत काय पाहायचे असते ते दाखवले, त्यांच्याकडून शिकलेले आहे. मेलेले पिल्लू हातात न घेता दुरूनच रोगाचे नाव छातीठोकपणे सांगणारा माणूस मला कधी पटलेला नाही. तरीही आपण तारखा नीट लिहिल्या आहेत, आणि पिल्लांच्या बाबतीत मरणाची तारीख लक्षणांपेक्षा जास्त बोलते. पंख सोडून, डोळे मिटून, मान आत ओढून कोपऱ्यात उभे राहणे हे गारठलेले पिल्लूही करते, उपाशी पिल्लूही करते आणि रोगाने ग्रासलेलेही करते. बाहेरून तिघे सारखेच दिसतात. मरण्याचे दिवस मात्र तिघांचे वेगळे असतात.

म्हणून आपल्या प्रश्नातील ‘हा रोग’ या शब्दांपाशीच मी थांबते. आपल्या शेडमध्ये एकच रोग दोनदा आला असे मला वाटत नाही. दोन वेगळी कारणे एकामागून एक आली आहेत, आणि त्यातले पहिले बहुधा रोग या सदरात मोडतच नाही.

पहिली १४ पिल्ले घेऊ. अंड्यातून बाहेर पडण्याच्या थोडे आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काही न खाता-पिता जगू शकते, आणि म्हणूनच एक दिवसाची पिल्ले खोक्यात भरून दूरच्या गावी पाठवता येतात. पण याच सोयीचा एक फसवा भाग असा की जे पिल्लू पहिल्या दोन दिवसांत पाणी आणि दाणा शोधायला शिकत नाही, ते लगेच मरत नाही. ते इतरांबरोबर हिंडते-फिरते, आपल्याला वाटते की सगळे सुरळीत चालले आहे, आणि शिदोरी संपली की अशी पिल्ले तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी ओळीने पडू लागतात. बाकीची खायला शिकलेली असतात, म्हणून सहाव्या दिवशी मरतूक एकदम थांबते. आपला आकडा हुबेहूब असा आहे. पसरणारा रोग असता तर तो पाचव्या दिवशी असा दार ओढून निघून गेला नसता.

मग ती शिकली का नाहीत? आपण लिहिले आहे की पहिल्याच रात्री ६० वॅटचा पिवळा बल्ब उडाला आणि दुसऱ्या दिवसापासून ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब लावले, कारण उजेड तेवढाच पडत होता. हे वाक्य आपण जाता जाता लिहिले असेल, पण त्या १४ पिल्लांचा बराचसा हिशेब मला त्यातच दिसतो. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड हा पिल्लांच्या दृष्टीने गौण असतो, त्यांना हवी असते ती त्याची धग. एलईडी उजेड भरपूर देतो आणि ऊब जवळजवळ देतच नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते अडीच-तीन अंशांनी उतरवायचे असते. जुलैतली नवी मुंबईची रात्र २५ अंशांच्या आसपास असते. आपण दमट हवेने घामाघूम होतो आणि म्हणतो की या उकाड्यात पिल्लांना ऊब कशाला. पण पहिले दहा-पंधरा दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही. त्याच्यासाठी ती रात्र थंडीची असते, आणि गच्चीवर खाडीकडून ओला वारा येत असेल तर कडाक्याच्या थंडीची. गारठलेले पिल्लू घोळका सोडून चार पावलांवरच्या पाण्यापर्यंत जात नाही, आणि त्याची उपासमार तिथेच सुरू होते.

याची खात्री करून घेण्याच्या दोन साध्या रीती आहेत. पिल्ले आणल्यावर सात-आठ तासांनी, रात्री, दहा-बारा पिल्ले एकेक करून हातात घ्यावीत आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी बोटाच्या पेराने हलके चाचपावी. ती मऊ, भरलेली लागली पाहिजे. रिकामी असेल तर पिल्लू उपाशी आहे आणि नुसती कडक लागली तर दाणा मिळाला पण पाणी मिळाले नाही. त्याच वेळी पिल्लाचा पाय आपल्या गालाला लावून पाहावा. पाय गार लागला की तापमापक काहीही दाखवत असो, खालची तुसाची गादी थंड आहे असे समजावे. मी इतकी वर्षे करते आहे, तरी प्रत्येक नव्या खेपेला पहिल्या रात्री पायाला गाल लावल्याशिवाय झोपत नाही.

बल्बचा अंदाज म्हणून पिल्लामागे २ वॅट धरावेत, म्हणजे ६० पिल्लांना ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब. दोन अशासाठी की एक उडाला तर दुसरा सकाळपर्यंत निभावून नेतो. पण वॅट हा अंदाजच. खरे उत्तर पिल्ले स्वतः देतात. ती बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी आहे, चोच उघडी ठेवून कडेला पळत असतील तर जास्त आहे, सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर विरुद्ध बाजूने वारा येतो आहे, आणि विखरून, पाय पसरून झोपली असतील तर आपणही झोपायला हरकत नाही. पहिले दहा दिवस त्यांना पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या गोलात ठेवावे. साठ पिल्लांना चार फूट व्यासाचा गोल पुरतो. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात ती रात्री चेंगरून मरतात आणि सकाळी आपण त्याला साथ म्हणतो.

वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याचा मोह आमच्याकडे पुष्कळांना होतो, मलाही एकदा झाला होता. पहाटे पाहिले तर शेगडीभोवती पिल्ले जणू झोपल्यासारखी आडवी पडलेली होती, चोची आणि पाय गुलाबी. कोळशाच्या धुराने नव्हे, दिसत नाही त्या वायूने ती गेली होती. शेगडी ठेवायचीच असेल तर हवा खेळती हवी आणि माणूस जागा हवा, नाहीतर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या बऱ्या.

आता या पहिल्या भागात परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगते. पिल्ले अंड्यातून निघाल्यापासून आपल्या दारात येईपर्यंत किती तास गेले, हे आपण लिहिलेले नाही, आणि गाडीवरून पिल्ले विकणारे ते सहसा सांगतही नाहीत. तो काळ दीड दिवसाचा असेल तर अर्धी शिदोरी वाटेतच संपली होती आणि दोष एकट्या बल्बचा राहत नाही. शिवाय १४ पैकी काही पिल्लांना बलकाचा संसर्ग असू शकतो. उबवणी केंद्रातील अस्वच्छतेमुळे नाळेतून जंतू आत शिरतात. अशा पिल्लाचे पोट फुगलेले आणि निळसर दिसते, नाळ ओली राहते, आणि फाडले तर न जिरलेला बलक हिरवट-तपकिरी, दुर्गंधी येणारा निघतो. निरोगी पिल्लात पहिल्या आठवड्याच्या शेवटी तो वाटाण्याएवढा उरतो किंवा उरतही नाही. उपाशी मेलेल्या पिल्लात मात्र दाण्याची पिशवी रिकामी आणि पित्ताशय फुगलेले सापडते. फाडल्याशिवाय या दोहोंतला फरक कळत नाही, आणि ती १४ पिल्ले आता आपल्याकडे नाहीत, म्हणून ‘बहुधा’ यापुढे मी जात नाही.

काही पिल्लांच्या गुदद्वाराला पांढरी विष्ठा चिकटली होती आणि विक्रेत्याने ती ‘पांढरी हगवण’ असल्याचे सांगितले, असे आपण लिहिता. साल्मोनेला जंतूमुळे होणारी, कोंबडीकडून अंड्यावाटे पिल्लात उतरणारी पांढरी हगवण हा खरा आणि वाईट रोग आहे. परंतु त्यातील मरतूक सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळसाला जाते, आणि निव्वळ थंडी लागलेल्या पिल्लांनाही अशीच विष्ठा चिकटते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती हळूच पुसून काढावी, ओढू नये, ओढल्याने कातडी फाटते. विष्ठा चिकटली एवढ्यावरून रोग ठरवू नये.

दुसरी ९ पिल्ले वेगळी आहेत, आणि मला खरी काळजी त्यांची वाटते. ही पिल्ले खात होती, वाढत होती, आणि अकराव्या दिवसापासून मान लांब करून, चोच उघडून श्वास घेऊ लागली. आपण एक फार मोलाची गोष्ट नोंदवली आहे, ती म्हणजे कान लावला तरी घरघर ऐकू येत नाही, नाकाडोळ्यांतून पाणीही नाही. सर्दीच्या बहुतेक रोगांत घरघर, शिंका, चिकट पाणी यांतले काहीतरी असते. आवाज न होता धाप लागणे, आणि तेही पावसाळ्यात, तुसाच्या गादीवर, पहिल्या तीन आठवड्यांत, म्हटले की माझे पहिले बोट बुरशीकडे जाते. आपणच लिहिले आहे की तूस गिरणीतून आणून जिन्याखाली ठेवले होते आणि पोत्याचा तळ ‘जरासा ओलसर’ होता. अशा ओलसर तुसात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी धरते. पिल्ले गादी उकरतात, बुरशीचे बीजाणू धुळीबरोबर उडून फुप्फुसात जातात आणि तिथे गाठी धरतात. पिल्लांच्या शेडमध्ये होतो म्हणून या न्यूमोनियाला ब्रूडर न्यूमोनिया असेच म्हणतात.

माझी यातली शिकवणी महाग पडली. धंद्याच्या चौथ्या वर्षी ऐन श्रावणात ३०० पिल्ले होती आणि तूस ताडपत्रीखालचे होते. वरून कोरडे, हात घातला तर आत कोमट. ते कोमट लागणे म्हणजे आत कुजणे सुरू झाले आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पिल्ले धापा टाकू लागली तशी मी एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून आठ दिवसांत तीन प्रतिजैविके बदलली, आणि मरतूक प्रत्येक औषधागणिक वाढत गेली. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी एक पिल्लू टेबलावर ठेवून फुप्फुस उलगडले. गुलाबी फुप्फुसात बाजरीचे दाणे पेरावेत तशा पिवळट-पांढऱ्या गाठी होत्या. त्यांनी नखाने एक गाठ उचलून माझ्या तळहातावर ठेवली, ती चीजसारखी दडस होती. त्या खेपेत माझी ११२ पिल्ले गेली.

प्रतिजैविके जंतूंवर चालतात, बुरशीवर नाही. उलट आतड्यातील उपयोगी जंतू मारून ती बुरशीला मोकळे रान देतात, म्हणून आपण चालू ठेवलेले दुसरे प्रतिजैविक पशुवैद्यांना विचारून थांबवावे असे माझे मत आहे. ते कोणते आहे हे बाटलीवर वाचून पाहा. कोलिस्टिन असेल तर माणसाच्या अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांकरता त्याच्या उत्पादनावर आणि विक्रीवर केंद्र सरकारने २०१९ मध्येच बंदी घातलेली आहे, तरी जुन्या बाटल्या अधूनमधून पुढे सरकवल्या जातात. कुणी पाण्यात मोरचूद घालायला सांगेल. पुस्तकात त्याचा उल्लेख असतो, पण फुप्फुसात बसलेली गाठ त्याने विरघळत नाही आणि मात्रा चुकली तर मोरचूदच विष ठरते, म्हणून मी तो घरगुती पिल्लांना देत नाही. धाप लागलेल्या पिल्लासाठी परवडेल असा उपाय नाही, हे कटू असले तरी सांगायला हवे. जी अजून निरोगी आहेत त्यांच्या नाकासमोरून बुरशी हटवणे, हेच यातले औषध.

ते काम आज, उजेड आहे तोवर करावे. आधी सगळी पिल्ले दुसऱ्या खोलीत, कागद अंथरलेल्या खोक्यांत हलवावीत, धाप लागलेली वेगळ्या खोक्यात. पिल्ले आत असताना गादी हलवली तर एका तासात ती महिन्याभराचे बीजाणू ओढतील. मग गादीवर पाण्याचा हलका फवारा मारून धूळ बसवावी, ती पोत्यात भरून तोंड बांधावे आणि घरापासून दूर न्यावी. शेडची झाडलोट सकाळी आपल्या आई करतात आणि त्यांना दम्याचा त्रास आहे, असे आपण लिहिले आहे. हे काम त्यांना मुळीच करू देऊ नका, आणि आपणही तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावूनच करा, कारण ही बुरशी माणसाच्या फुप्फुसालाही सोडत नाही. फरशी धुवून पूर्ण कोरडी होऊ द्यावी. नवे तूस मुठीत दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर ते सुटे झाले पाहिजे, आणि त्याला वास म्हणून नसला पाहिजे. खात्रीचे तूस या दिवसांत मिळाले नाही तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या किंवा सुताराकडचा कोरडा लाकडी कीस चालतो, फक्त बारीक भुसा नको, पिल्ले तो खातात. मी आता वर्षाचे तूस मे महिन्यातच उन्हात वाळवून झाकणाच्या ड्रममध्ये भरते, पावसात गिरणीची पायरी चढत नाही.

खाद्याचे पोतेही तपासावे. साठ पिल्लांना ५० किलोचे पोते महिन्याहून अधिक पुरते, आणि जुलैत महिनाभर उघडे राहिलेल्या पोत्यातील मका बुरशीला आयताच सापडतो. हात खोल घालून पाहा. गठ्ठे, कुबट वास किंवा ऊब यांतले काहीही आढळले तर पोते टाकून द्या, कारण खाद्यातील बुरशीचे विष यकृतावर जाते आणि मग टॉनिकने भागत नाही. यापुढे पाच-पाच किलो सुटे आणून डब्यात ठेवणे महाग वाटले तरी स्वस्त पडते. पाण्याच्या भांड्याभोवतीची गादी पहिली भिजते, म्हणून भांडे विटेवर ठेवावे आणि भिजलेला भाग रोज ओंजळीने उचलून टाकावा.

लसीबद्दल आपण निर्धास्त आहात, तेवढे मात्र राहू नये. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लासोटा लस आपण सातव्या दिवशी पिण्याच्या पाण्यातून दिली आणि पाणी नळाचे होते. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी क्लोरीन घालून येते. क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतो, आणि ही लस म्हणजे जिवंत पण सौम्य विषाणू असल्याने तीही त्यात मरते. पिल्ले थोडी असतील तर पाण्यातून लस देऊच नये. डोळ्यात एकेक थेंब टाकावा, पापणी मिटेपर्यंत पिल्लू हातात धरावे, की झाले. साठ पिल्लांना अर्धा तास लागतो. लस दुकानापासून घरापर्यंत बर्फात यायला हवी, आणि एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवायला किंवा टाकायला हवी. शंभर मात्रांची कुपी घेऊन उरलेली फ्रीजमध्ये जपून ठेवणारे मी पाहिले आहेत, ते दुसऱ्या दिवशी नुसते पाणी देतात. चौदाव्या दिवसाच्या सुमाराची गंबोरो या विषाणूच्या रोगावरची लसही आपली राहिलेली दिसते. पण आजारी पिल्लांना लस देत नाहीत. मरतूक थांबून तीन-चार दिवस गेले की पशुवैद्यांना विचारून लासोटा पुन्हा आणि गंबोरो यांतली आधी कोणती आणि किती अंतराने हे ठरवावे, दोन्ही एकाच दिवशी उरकू नयेत.

हे अशासाठी सांगते की तिसऱ्या आठवड्यापासून पुढच्या रोगांचा काळ सुरू होतो. गंबोरोत पिल्ले अचानक मलूल होतात, पांढरट पातळ हगतात, आणि चार-पाच दिवसांत मरतूक झपाट्याने चढून उतरते; लस हाच त्यावरचा उपाय. विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. ओल्या गादीत तिची बीजे दोन दिवसांत तयार होतात, म्हणून तीही पावसाळ्याचीच पाहुणी आहे, पण वेळेवर अ‍ॅम्प्रोलियम हे औषध मिळाले तर ती आटोक्यात येते. हिरवी हगवण आणि पिळलेली मान दिसली तर राणीखेत समजून लगेच दवाखाना गाठावा. आणि सकाळी पिल्लांची संख्याच कमी भरत असेल, किंवा मान कुरतडलेली असेल, तर औषधांच्या दुकानाऐवजी उंदराचा पिंजरा विकणाऱ्याकडे जावे.

माझे वरचे सगळे अनुमान आहे, आणि ते तपासून घेण्याचा मार्ग आपल्या हाताशी आहे. उद्या जे पिल्लू मरेल ते दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवावे, फ्रीजरमध्ये गोठवू नये, गोठवल्यावर आतले काही नीट वाचता येत नाही. त्याबरोबर धाप लागलेले एक जिवंत पिल्लूही न्यावे, आणि तुसाची मूठभर पिशवी. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय घणसोलीहून लांब नाही. आधी फोन करून नमुना कोणत्या वेळी घेतात ते विचारावे. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा फोन क्रमांकही आहे. नमुना पुढे पाठवायची वेळ आली तर तो पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातो. मेलेल्या बाकीच्या पिल्लांसाठी दोन-तीन फूट खोल खड्डा आणि वर चुना हवा. गावठाणात जागा नसेल तर दवाखान्यात विचारावे, पण नाल्यात किंवा खाडीत टाकू नये.

एका गोष्टीत मात्र स्वतः काही तपासायला जाऊ नये. एका-दोन दिवसांत मोठ्या संख्येने, लहान-मोठ्या सगळ्याच कोंबड्या अचानक मेल्या, किंवा आसपास कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर पक्षी फाडू नयेत, हलवू नयेत, विकू नयेत, लगेच कळवावे. २०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यातील वेहळोलीत आणि २०२५ च्या जानेवारीत उरणजवळच्या चिरनेरला बर्ड फ्लू आढळला होता, म्हणजे ही गोष्ट आपल्या भागाला परकी नाही. असा संशय आल्यास कळवणे कायद्यानेही बंधनकारक आहे. आपल्या शेडमधील चित्र तसे वाटत नाही. रोज एक-दोन, तीही धाप लागून, ही चाल वेगळी आहे. तरी मेलेले पिल्लू उचलताना हातमोजे घालावेतच.

राहिला शेवटचा प्रश्न, ३७ पिल्लांचा. टाकून देऊ नका. धाप लागलेल्यांपैकी थोडीच वाचतील आणि वाचलेली खुरटी राहतील; ती वेगळीच ठेवा आणि जी तडफडत असतील त्यांचा निर्णय डॉक्टरांवर सोपवा. बाकीच्यांतलेही, गादी आज बदलली तरी, आणखी पाच-सहा दिवस अधूनमधून एखादे जाईल, कारण ज्यांच्या फुप्फुसात बीजाणू आधीच बसले आहेत ती गादी बदलल्याने सुटत नाहीत. तेव्हा दोन दिवसांत मरतूक थांबली नाही म्हणून घाबरून नवे औषध सुरू करू नये. एक वही करा आणि रोज सकाळी तारीख, पिल्लांचे वय, मेलेली किती, नव्याने धाप लागलेली किती, एवढे चार आकडे लिहा. नव्याने धाप लागलेल्यांचा आकडा आठवड्यात शून्यावर आला तर आपण बुरशीतून बाहेर पडलात. तो वाढतच राहिला, किंवा घरघर ऐकू येऊ लागली, तर माझे अनुमान चुकले आहे. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि मी काय म्हटले ते बाजूला ठेवून त्यांना पहिल्यापासून पाहू द्यावे.